पावसाळ्याआधी गाड्या तपासून या

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीप्रमाणे ठाण्याच्या उपवन तलावाशी भेटू.

एअर सस्पेन्शनवाल्यांनी (ज्यांची गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असते) शनिवारी रात्री गाडी सपाट जागी लावावी आणि सकाळी चारही चाकांवरची उंची बघावी. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळतेय. 'स्टार्ट केली की उठते ना' म्हणून सोडून देऊ नका. तिला उठवायला हवा भरणारा कॉम्प्रेसर राबत असतो, आणि तो जळला की एका बिलाची दोन बिलं होतात.

कूलंटची (इंजिनची उष्णता काढून नेणारं द्रव) पातळी इंजिन थंड असतानाच बघा. घोडबंदर रोडच्या गर्दीत रोज तापून प्लास्टिकच्या टाक्या, पाइप ठिसूळ होतात आणि तडकतात. पातळी कमी दिसली तर नळाचं पाणी ओतू नका (कोणाला म्हणतोय, ते त्यांना कळलंच असेल).

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारू नका, टो करा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर घेतलंय का, पॉलिसी काढून बघा.

गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर असेल त्यांनी जरूर आणा. मागच्या वेळी सगळ्यांत मिळून एकच होता.