टेपचं दुसरं टोक

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ज्याच्यावर तुम्ही गुन्हा नोंदवलात, ज्याचा परवाना तुमच्या अहवालामुळे गेला आणि ज्याच्या अर्ध्या हंगामावर पाणी पडलं, त्याच्याच संघाच्या ट्रेनर आणि फिजिओंचं पत्र तुम्हाला आलंय. विषय तक्रारीचा नाही, आभाराचा आहे. फोन करून खाजगीत मानता आले असते, पण त्या पोराचे आजवरचे लाड चारचौघांत झाले, म्हणून हेही चारचौघांतच.

कलमं, तारखा, वकिलांची पत्रं यांत शिरत नाही. ते ज्याचं त्याच्या जागी चालू आहे. आम्हाला लिहायचंय ते त्या रात्रीच्या वीसेक मिनिटांबद्दल.

रात्रीचे पावणेदोन. सामना संपून दोन तास झालेले. एकवीस वर्षांचा सलामीचा फलंदाज, नवी गाडी, मोकळा रस्ता, वेगमर्यादा 60. वळणावर समोर दुचाकी. दुचाकीवाल्याने जीव वाचवायला हँडल वळवलं, पडला, घोटा दोन ठिकाणी मोडला. गाडी तिरकी होऊन कठड्याला घासत गेली. तिरकी लागली म्हणून पोरगा छातीवर पट्ट्याचा वळ आणि सोललेलं नाक एवढ्यावर सुटला.

तुम्ही पोचलात तेव्हा जखमी रुग्णवाहिकेत होता, आणि आमच्याकडची माणसंही जमायला लागली होती. एकाने तर "जरा साहेबांशी बोला" म्हणत स्वतःचा फोन तुमच्या कानापर्यंत नेला. तुम्ही "नंतर" म्हणालात आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरून वाकलात. ज्यांना या कामातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकची एबीएस यंत्रणा असलेल्या गाडीचे टायर पूर्ण जाम होत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर काळे पट्टे उठत नाहीत, फिकट, तुटक खुणा उठतात. उभं राहून वरून उजेड टाकला तर त्या दिसतच नाहीत. आडव्या उजेडात दिसतात, त्याही वर्दळ सुरू होईपर्यंत. पावसाची एक सर आली की संपलं. म्हणून आधी खडू, मग टेप, मग फोन, हा तुमचा क्रम होता.

दिव्याच्या खांबाला शून्य धरून तुम्ही टेप सोडलात. जोडीदार दुचाकीजवळ अडकलेला. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता आणि आमच्यापैकी चारजण पुढे सरसावले. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. फुटपाथवर बसलेल्या त्या पोराकडे गेलात, चालता येतंय ना एवढं विचारलंत आणि टोक त्याच्या हातात दिलंत.

"हे धर. ढील देऊ नकोस."

एवढंच. आवाज चढवला नाहीत, भाषण दिलं नाहीत. तो खुणेच्या शेवटापर्यंत चालत गेला, बसला, टेप ताणून धरला. "किती?" तुम्ही विचारलंत. त्याने टॉर्चच्या उजेडात वाचून सांगितलं, "एकसष्ट." तुम्ही परत विचारलंत, त्याने परत वाचलं, मग तुम्ही लिहिलंत.

या पोराला चौदाव्या वर्षापासून कुणी स्वतःचं काही मोजू दिलेलं नाही. किट दुसरा भरतो, बिलं एजंट भरतो. याआधी वेगासाठी तीनदा दंड झाला होता, तो ऑफिसातून परस्पर भरला गेला. पोराला त्याचा पत्ताही नव्हता. दोनदा रस्त्यात अडवला गेला तेव्हा अडवणाऱ्यांनी सेल्फी काढले, सही घेतली आणि "हळू जा रे बाबा" म्हणून सोडून दिला. त्यांनाही वाटलं असेल आपण मदत केली. गाडी देणाऱ्या जाहिरातदाराने ताकदीचे आकडे सांगितले, थांबायला किती जागा लागते ते सांगितलं नाही. आणि आम्ही? सरावाच्या वेळी त्याच्या पाठीवर जीपीएसचं यंत्र असतं, सेकंदाला दहा नोंदी घेतं. त्याचा धावण्याचा सर्वाधिक वेग ताशी 31 किलोमीटर, हे आम्ही झोपेतही सांगू. मैदानाबाहेर पडून तो 128 ने घरी जातो हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

128 हा आकडा नंतर एअरबॅगच्या नियंत्रकातल्या नोंदीतून आला. धडकेआधीच्या पाच सेकंदांचा वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक, सगळं त्यात राहतं. पण ती नोंद हाती येण्याआधीच तुम्ही रस्त्यावर उत्तर काढलं होतं, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत सांगितलंत. पिच 20.12 मीटरचं. कोरड्या डांबरी रस्त्यावर बरे टायर असतील तर 60 च्या वेगाला करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते, म्हणजे एका पिचमध्ये. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. 120 ला चार पिच, 128 ला साडेचार, जवळपास 92 मीटर. त्याच्याकडे होते 61. त्यातही मधे सहा मीटर खूण गायब होती. ती रिकामी जागा तुम्ही त्याला बोट ठेवून दाखवलीत आणि विचारलंत, "इथे पाय उचललास?"

उचलला होता. एबीएस चालू झालं की पेडल पायाखाली धडधडतं, घरघर ऐकू येते. ज्याने ते कधी अनुभवलेलं नसतं त्याला काहीतरी मोडलं असं वाटतं आणि पाय आपोआप सैल होतो. खरं तर त्याच वेळी पेडल तळापर्यंत दाबून धरायचं असतं आणि स्टिअरिंगने वाट काढायची असते. चाकं फिरती राहावीत आणि गाडी वळावी यासाठीच ते यंत्र आहे. सहा मीटर ब्रेकविना गेले. निव्वळ खुणांवरून निघणारा किमान वेग 100 च्या आसपास, आणि कठड्याला लागताना वेग अजून 80 च्या घरात, हे तुम्ही वहीत मांडलंत. गाडीतल्या नोंदीशी ते जुळलं.

यात आम्हाला सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. तो तुम्हाला म्हणाला होता, "माझे रिफ्लेक्स चांगले आहेत." हे वाक्य त्याच्या तोंडी आम्हीच बसवलंय. 140 चा चेंडू हातातून सुटल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटवर येतो आणि हा तो खेळतो, हे खरं. पण तो नुसत्या चेंडूला प्रतिसाद देत नसतो. गोलंदाजाची धाव, खांदा, मनगट, सगळं आधी वाचलेलं असतं, अंदाज बांधून पाय आधीच हललेला असतो. वळणाआडच्या दुचाकीला मनगट नसतं. तिथे त्यालाही इतरांसारखाच सेकंदभर लागतो. समजा त्याने 0.2 सेकंद वाचवलेच, तर 128 ला वाचतात सात मीटर. त्याला कमी पडले होते 31.

शिवाय त्या रात्री तेवढाही फायदा नव्हता. दारू नव्हती, चाचणी स्वच्छ होती. पण तो सकाळी सातपासून जागा होता. सलग सतरा तास जागरणानंतर माणूस जितका मंदावतो, तितकाच रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना मंदावतो. ही माहिती आमच्याच सादरीकरणात आहे, पाहुण्यांसमोर दाखवतो. वर सामन्यानंतर मांडीमागचे स्नायू आखडलेले, पाय जड. आणि सीट इतकी मागे पाडलेली की पट्टा खांद्यापासून सुटून लोंबत होता. अशा बैठकीत धडकेच्या वेळी शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि कमरेचा पट्टा ओटीपोटात रुततो. हेही तुम्हीच टिपलंत. पाठ सीटला टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. फलंदाजाचा स्टान्स इंचाइंचाने तपासणाऱ्यांना हे बघायचं सुचलं नव्हतं.

आता सामना रात्री दहानंतर संपला की किल्ल्या आमच्याकडे आणि पोरं संघाच्या गाडीने घरी. कुरकुर होते. होऊ दे.

काहीजण म्हणाले, पोलिसांनी जरा समजून घ्यायला हवं होतं, कोवळं वय, मोठं करिअर. अमेरिकन फुटबॉल खेळणारा हेन्री रग्ज बावीस वर्षांचा होता. 2021 च्या नोव्हेंबरात लास व्हेगासमध्ये नशेत त्याची गाडी ताशी 250 किलोमीटरपर्यंत गेली होती, एक तरुणी आणि तिचा कुत्रा जळून मेले. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं, पुढे तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथपर्यंत जाणाऱ्या वाटेवर आधीच एखादी टेप धरणारी मॅडम भेटली असती तर, असं आमच्या मनात येतं. माहीत नाही, आणि आता विचारण्यात अर्थही नाही.

दुसरी आठवण ऋषभ पंतची. 30 डिसेंबर 2022 ची पहाट, रुरकीजवळ दुभाजकाला धडकलेली गाडी. ती धडक कशाने झाली हा इथला मुद्दा नाही. हरियाणा रोडवेजच्या बसचा चालक आणि वाहक धावले, त्याला गाडीपासून दूर नेलं, अंगावर चादर गुंडाळली. मग गाडी पेटून कोळसा झाली. हा कोण ते चालकाला माहीत नव्हतं, तो क्रिकेट बघत नव्हता. सभ्यपणा बहुतेक असाच असतो. तो नाव विचारत नाही, थंडीत चादर देतो. तुम्हाला तर नाव पुरतं माहीत होतं, त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि तरी तुम्ही त्याला खुणांच्या शेवटाला उभं केलंत. दुचाकीवाल्याला द्याल तेवढाच मान त्यालाही दिलात, ना जास्त ना कमी. मदत म्हणजे सोडवणं, असं आमच्याकडे इतकी वर्षं धरून चाललेत की हीही मदतच आहे हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

त्या दुचाकीवाल्याचं कळवायचं राहिलं. घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसवलेत. पहिले सहा आठवडे पायावर भार द्यायचा नव्हता, मग बूट घालून थोडा थोडा. पोटरी वाळली होती, घोटा वर येत नव्हता. टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायची चाचणी घेतली तेव्हा चांगल्या पायाला अंगठा भिंतीपासून अकरा सेंटीमीटर दूर जात होता, मोडलेल्याला चार. तो आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येतो, संघाच्याच टेबलावर, संघाच्याच वेळेत. खर्च पोरगा करतो. ते कुणी सांगितलेलं नाही, न्यायालयानेही नाही.

गेल्या गुरुवारी कुबडीशिवाय चालण्याची पहिली चाचणी होती. नेटमधल्या रिकाम्या पिचवर अंतर आखायचं होतं. टेप काढला आणि दुसऱ्या टोकाला कोण म्हणून बघतोय, तर पोरगा आधीच तिकडे जाऊन बसला होता, टेप ताणून.

आपले,
संघाचे ट्रेनर व फिजिओ