मा. गृहमंत्री महोदय, आमच्याकडून घेतलेले हमीपत्र परत करा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या रविवारी अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या वस्तीवरची ख्रिस्ती प्रार्थनासभा पोलिसांनी मध्येच थांबवली. पाळकांसह आम्हा सर्वांना ठाण्यात नेऊन ‘यापुढे विनापरवाना प्रार्थना घेणार नाही’ अशा मजकुराचे हमीपत्र लिहून घेण्यात आले. तक्रार कोणाची आणि कारवाई कोणत्या कलमाखाली, असे आम्ही विचारले, तेव्हा वरून आदेश आहेत एवढेच उत्तर मिळाले. पोलीस खात्याच्या सर्वांत वर आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

त्या हमीपत्रावर आमच्या मंडळीतल्या एका आजींचाही अंगठा मागण्यात आला. आजींचा कुष्ठरोग औषधोपचाराने केव्हाच बरा झाला आहे आणि त्यांच्यापासून कोणालाही लागण होणार नाही, हे सरकारी डॉक्टरांनीच घरच्यांना समजावून सांगितले होते. तरीही घरात त्यांचे ताट वेगळे आहे आणि अंथरूण गोठ्याच्या पडवीत आहे. शिपायाने शाईचे पॅड पुढे केले तेव्हा आजींनी पदराखालून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. अंगठा नव्हताच. मग तळहाताची कड शाईत दाबून तिचा ठसा कागदावर घेण्यात आला, आणि त्याच खोलीत आम्हाला प्रश्न विचारला गेला की धर्मांतरासाठी तुम्हाला कसले आमिष दाखवले?

महोदय, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत या देशाच्या कायद्यात होते. ज्या बाईला घराने आणि गावाने दूर केले, तिला आम्ही सतरंजीवर आमच्या शेजारी बसवतो आणि तिच्या हातची भाकरी खातो. येशू जकातदारांच्या आणि पापी म्हणवल्या गेलेल्यांच्या पंगतीला बसला, म्हणून आम्हीही बसतो. यालाच आमिष म्हणायचे असेल, तर ते आम्ही दाखवले आहे.

माझे स्वतःचे सांगतो, कारण ठाण्यात ते कोणी ऐकून घेतले नाही. मी साखर कारखान्यातला हंगामी कामगार. दारूपायी पत्नीचे डोरले सावकाराकडे गेले आणि मुलांच्या शाळा सुटल्या. वडिलांच्या दहाव्याला भावकीने मला घाटावरून हाकलून दिले आणि त्यानंतर कोणाच्याही लग्नकार्यात मला बोलावणे आले नाही. एसटी स्टँडवर पडून असताना आमच्या पाळकांनी मला उठवून घरी नेले, आंघोळीला पाणी दिले आणि आपल्या मुलांच्या ओळीत जेवायला बसवले. त्यांनी मला एक रुपयाही दिला नाही. दिला असता तर मी त्याची दारूच प्यालो असतो. पुढे कित्येक रात्री अंग थरथरत असताना ते उशाशी बसून प्रार्थना करत राहिले. माझी दारू सुटली ती त्या प्रार्थनेत, हे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. राग अजून पुरता गेलेला नाही, त्यासाठी रोज पहाटे गुडघे टेकतो. माझी पत्नी आजही नवरात्र धरते आणि मोहटादेवीला जाते, आणि रविवारी मला सभेला वेळेवर धाडणारीही तीच आहे. आमच्या घरात बळजबरी कोणी कोणावर केली, ते आपल्या अधिकाऱ्यांनी तिलाच विचारावे.

ज्या दारूने माझे घर बुडवले, तिच्यावरचे शुल्क वाढवताना जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाचा हिशेब मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूच्या चिन्हाला, मत द्यावे लागते, मात्र माणसाला दारूतून बाहेर काढणारी सभा बंद करायला एक निनावी तक्रार पुरते. हा कोणता न्याय आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाने सक्तीच्या धर्मांतरावर कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हा १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला मान्य आहे. पण संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य माझेही आहे की नाही? आणि लाभाचेच बोलायचे तर आमच्यातल्या एका मातंग मुलीचे उदाहरण घ्या. तिला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, पण राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना आहे, ख्रिस्ती माणसाला नाही. बाप्तिस्मा घेतला की तिचा दाखला जाईल, शिष्यवृत्ती जाईल, आणि गावाच्या नजरेतली जात मात्र जाणार नाही. या प्रश्नावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली आणि ती संपल्यावर वाढवली. मुलगी तोवर थांबली आहे. विश्वास ठेवला म्हणून गमवावेच लागते, तिथे आमिष कुठून येणार?

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली, विधवा आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. त्याच कामाचा लहानसा अंश आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतो, आणि त्यासाठी आमच्या म्हाताऱ्या माणसांना ठाण्याच्या फरशीवर बसावे लागते.

माझ्या मागण्या फार नाहीत. आमच्याकडून घेतलेले हमीपत्र रद्द करून परत द्यावे. ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेतले, हे लेखी कळवावे. आजींना त्या खोलीत जे सोसावे लागले, त्याबद्दल संबंधित अधिकाऱ्याने त्यांच्या पडवीत जाऊन त्यांची माफी मागावी. खऱ्या बळजबरीची तक्रार असेल तर रीतसर गुन्हा नोंदवून चौकशी करावी, आम्ही सर्व उत्तरे देऊ.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमची उपासना त्याच जागी होईल.

आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती नागरिक