विमानाचे अंतर आणि सपाट नकाशा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

लांब पल्ल्याच्या विमानसेवेची बातमी देताना वृत्तपत्रे दोन शहरांमधले अंतर किलोमीटरमध्ये छापतात आणि शेजारच्या नकाशावर ती शहरे सरळ रेघेने जोडून दाखवतात. छापलेला आकडा आणि आखलेली रेघ यांचा मेळ बसत नाही, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीच्या गोलावर मोजलेला आहे. शाळेच्या भिंतीवर असतो तशा मर्केटर नकाशात मात्र सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते आणि त्या रेघेने विमान नेले, तर अंतर १४,००० किलोमीटरच्या वर भरेल. गेरार्ड मर्केटर यांनी १५६९ साली आखलेल्या या नकाशाचा उपयोग खलाशांना होकायंत्राची एकच दिशा धरून जाण्यासाठी होता; जवळची वाट दाखवणे हे त्याचे कामच नव्हे.

पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला की तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे वळतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान असे करत तो सेंट पीटर्सबर्गच्या आसपास पोहोचतो आणि पुढे आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरतो. गोल आणि दोरा एकदा मुलांच्या हाती दिला, तर पाठ्यपुस्तकातील पानभर मजकुराचे काम होते. घरोघरी मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. हे उत्तरेकडचे वळण ठाऊक असले, तर त्यांचे विमान मोबाइलवर पाहत रात्र जागवणाऱ्या आईवडिलांना ते भलतीकडेच चालले आहे, अशी उगाच धास्ती वाटणार नाही.

अर्थात, प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरूनच जाते असेही नाही. वाऱ्याची दिशा पाहून मार्ग रोज ठरतो आणि देशांची भांडणे तो आणखी लांबवतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्याने फिनलंडमधील हेलसिंकी ते टोकिओ हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. दोन्ही उदाहरणांत शहरांमधले अंतर तसूभरही बदलले नव्हते. वाढली ती वाट, आणि तिच्याबरोबर इंधन व वेळ. प्रवाशाच्या खिशाला भिडणारी बाब हीच असूनही बातम्यांत ती क्वचितच येते.

तेव्हा विनंती अशी, की अशा बातमीत गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आणि विमान प्रत्यक्ष कापणार असलेला अंदाजे मार्ग हे दोन आकडे वेगवेगळे द्यावेत आणि नकाशावरची रेघ गोलावरच्या मार्गाप्रमाणे वक्र काढावी. उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेला नकाशा छापल्यास उत्तमच.

कळावे,
आपला नित्य वाचक,
सातारा