टाकीतली उत्क्रांती पुस्तकात यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिवाणूंकडून औषधं आणि रसायनं बनवून घेण्यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. तो वाचून कुणालाही वाटेल, की जिवाणूत जनुक घातलं की काम संपलं. पिंपरीच्या एका औषध कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्ट्रेप्टोमायसिसच्या, म्हणजे प्रतिजैविक औषधं बनवणाऱ्या जिवाणूच्या, प्लेटा तपासल्या. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

चांगली कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका, खडूची भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते. वाण पुन्हापुन्हा वाढवत नेलं, की अधूनमधून गुळगुळीत, भुकटी नसलेल्या कॉलन्या डोकं काढतात. आम्ही त्यांना ‘टकल्या’ म्हणायचो. कॉलनीखालच्या अगारची (जिवाणू वाढवायच्या जेलीची) चकती कापून बॅसिलस हा दुसरा जिवाणू पेरलेल्या प्लेटवर ठेवायची. सकाळी चांगल्या चकतीभोवती, औषधाने बॅसिलस मेल्यामुळे, स्वच्छ कडं पडलेलं असे, टकलीभोवती बहुतेकदा काहीच नाही. औषध बनवण्यात ताकद न घालवणारी पेशी भराभर वाढते आणि कारखान्यातली जिवाणू वाढवायची टाकी बळकावते. ही उत्क्रांतीच. आमच्या हाती एकच उपाय होता: मूळ वाण सुकवून ठेवलेली जुनी अँप्यूल (बंद काचेची कुपी) फोडायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

म्हणून हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या प्रयोगशाळेतलं २०१४ सालचं काम मला फार मोलाचं वाटतं. ग्रेपफ्रूटमध्ये असणारं नारिंजेनिन त्यांना ई. कोलाय या जिवाणूकडून हवं होतं. त्यांनी पेशीचं जगणंच त्या पदार्थाला बांधलं. आत नारिंजेनिन साचलं तरच डिटर्जंटपासून वाचवणारं प्रथिन तयार होणार; मग डिटर्जंट घातलं, की बाकीच्या पेशी मरणार. त्यातही लबाड पेशी निघाल्याच, पदार्थ न बनवताच ते प्रथिन तयार करणाऱ्या. मग अशा दोन निवडींच्या मधल्या फेरीत नारिंजेनिनचं उत्पादन बंद ठेवायचं आणि तरीही ज्या पेशीत ते प्रथिन दिसेल ती मारायची. अशा फेऱ्यांनंतर नारिंजेनिन ३६ पट वाढलं. ज्या उत्क्रांतीशी आम्ही आयुष्यभर झगडलो, तिलाच त्यांनी कामाला लावलं!

माझी नात यंदा दहावीला आहे. ‘आजी, उत्क्रांती म्हणजे माकडांचंच ना?’ असं तिने विचारलं आणि मला वाईट वाटलं. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती वगळली, आपल्या राज्य मंडळाने ठेवली, ही चांगलीच गोष्ट. पण तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात उत्क्रांती पहिल्या धड्यात आणि जैवतंत्रज्ञान आठव्यात. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने आठव्या धड्यात या टाकीतल्या चढाओढीला एक पान द्यावं. शेजारी दोन कॉलन्यांचा फोटो छापावा, एक भुकटीची आणि एक टकली.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, चिंचवड