आरोग्यमंत्री साहेब, माझ्या अम्माच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या विडी घरकुलात राहते, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. माझी अम्मा ४० वर्षं विड्या वळतेय. गेल्या सोमवारी तिला धाप लागली म्हणून एका सरकारी दवाखान्यात नेलं. सकाळी ८ला रांगेत उभ्या राहिलो, केसपेपर हातात पडला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

खिडकीवरचा मुलगा म्हणाला, आभा नंबर द्या. दिला. तपासण्यांचे कागद एकत्र दिसावेत म्हणून सरकारने दिलेला १४ आकडी आरोग्य नंबर, प्लास्टिकमध्ये मढवून ठेवलेला. मग म्हणाला, ओटीपी सांगा. तो गेला भिवंडीला, माझ्या भावाच्या मोबाईलवर, कारण अम्माच्या आधारला नंबर त्याचा आहे. तो लूमवर होता, फोन उचलला नाही. मग अंगठा. अम्माने अंगठा पदराला पुसला, ठेवला. परत पुसला, परत ठेवला. दहाही बोटं झाली, मशीन काही घेईना. साहेब, दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे पान भिजवायचं, कातरीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं आणि नखाने तोंड दाबायचं. त्या पानांनी बोटांच्या रेघा खाल्ल्या. मागची माणसं ओरडायला लागली तशी तिने हात पदराखाली घेतले. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढे डॉक्टरांनी मागचा एक्स-रे मागितला. आमच्या वसाहतीत शिबिर घेऊन आभाचं कार्ड काढलं तेव्हा सांगितलं होतं की आता कागदांची पिशवी बाळगू नका, सगळं या नंबरात राहील. म्हणून पिशवी घरी ठेवली होती. दुपारी भावाचा फोन लागला, नंबर उघडला. आत काहीही नव्हतं!

नंतर मी चौकशी केली. या नंबरात रिपोर्ट साठवलेच जात नाहीत. ज्या दवाखान्याने तपासणी केली त्याच्या संगणकात ते राहतात, आणि त्याने ते नंबराला जोडले तर पेशंटच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. अम्माचे कुणी जोडलेच नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात ही योजना देशभर लागू झाली. तुम्ही आम्हाला कुलूप लावलेला रिकामा डबा दिलात. आणि आभा काढणं ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार अडत नाहीत, असं सरकारच सांगतं. मग ते त्या खिडकीवर का लिहिलेलं नाही?

मी संगणकाच्या विरोधात नाही. लॉकडाऊनमध्ये ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टर भेटले, तेव्हा आम्ही आशीर्वादच दिले. पण अंगठा लागला नाही तर नावावर लगेच केसपेपर द्या. जुने रिपोर्ट जोडायचं काम एका माणसाच्या नावावर लावा. आणि खिडकीवर तेलुगू, कन्नड समजणारं कुणीतरी बसवा, इथे अर्ध्या बायकांना मराठीत आजार सांगता येत नाही.

पण नुसती दवाखान्याची गोष्ट आहे का ही? रेशनला तोच अंगठा, निराधार पेन्शनला दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला. जिने जन्मभर राबून बोटं झिजवली तिनेच प्रत्येक दारात मी मीच आहे हे सिद्ध करायचं, आणि सरकारने मात्र आपला शब्द कुणापुढे सिद्ध करायचा नाही? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२५ येऊन गेलं. आमच्या दवाखान्यात अजून एका बाकावर दोन पेशंट बसतात. त्या पैशाचा अंगठा कुणी घेतला?

एक्स-रे परत काढावा लागला. माझा दोन दिवसांचा पगार गेला, अम्माच्या विड्या गेल्या त्या वेगळ्याच. येत्या सोमवारी परत बोलावलंय. पिशवी घेऊनच जाणार आहे. आणि ओटीपी आला तर फोन उचलता यावा म्हणून भावाने भिवंडीत त्या दिवसाचा खाडा सांगून ठेवलाय.

आपली,
विडी घरकुल, सोलापूर येथील एक कामगार