यमूच्या मागावर

गिरगाव, मुंबई
९ ऑगस्ट

प्रिय सायली,

प्रकल्पाचं काय झालं म्हणून विचारलंस, तर ऐक आता. बाईंनी मला ‘पण लक्षात कोण घेतो!’ दिलीय आणि तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी लिहून मागितलीय. वर्गात बहुतेकांचं पहिलं पान सारखंच आहे: इंग्रजी राज्य आलं, छापखाने आले, सुधारक झाले. खोटं काही नाही त्यात, पण ते पान कुठल्याही जुन्या कादंबरीला डकवता येईल. मला कादंबरीच्या नायिकेला, यमूला, लागेल तेवढाच इतिहास हवा होता.

म्हणून वाचताना डोक्यातून जाईना तोच प्रश्न धरला. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली तेव्हा तो कायदा होऊन तीस वर्षं उलटून गेली होती. मग नवरा गेल्यावर यमूच्या वाट्याला केशवपनच का? (यमूच्या सासरच्या शंकरमामंजींचं ते केशवपनाचं प्रकरण मला दुसऱ्यांदा वाचवलं नाही. तू वाचलंस तर सांग.)

ग्रंथसंग्रहालयात बसून कायद्यात काय आहे ते पाहिलं. पुन्हा लग्न करायला त्यानं परवानगी दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला! शिवाय सासर तुटणार, माहेर दार लावून घेणार. तिनं जायचं कुठे? पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन चौपाटीजवळ सुरू झालं तेच १८८९ मध्ये, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं.

खरी गंमत त्याच काळातल्या खऱ्याखुऱ्या रखमाबाईंपाशी आहे. त्यांच्या आईनं वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं होतं, कारण त्यांच्या सुतार जातीत ते चालायचं. म्हणजे कायदा हवा होता तो यमूसारख्या ब्राह्मण घरांसाठी, आणि तिथेच तो उंबऱ्याबाहेर राहिला. पण जातीत पाट लावायची (विधवेनं पुन्हा लग्न करायची) सोय असूनही लहानपणी झालेल्या लग्नातून रखमाबाईंची सुटका सोपी नव्हतीच. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या! पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ओव्हल मैदानासमोरची ती हायकोर्टाची इमारत आपण किती वेळा पाहिलीय, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत रखमाबाईंनी सगळ्यात जास्त पानं खाल्लीत. बाई विषयांतर म्हणतील. म्हणू देत.

आणखी एक. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. हे वाचल्यावर शंकरमामंजींच्या घरी बोलावलेला न्हावी मला वेगळाच दिसायला लागला. त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? पोटासाठी आला असेल, मान्य. पण त्याच काळात मुंबईत त्याच्याच धंद्यातली माणसं नकार देत होती, हे मी लिहिणारच आहे.

गाड्या, ट्राम वगैरे एका परिच्छेदात उरकलं. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. यमूच्या नवऱ्याला, रघुनाथरावांना, बायकोला घेऊन तिच्या सासरच्या कचाट्यातून इतक्या लांब मुंबईला येता आलं, त्यात आगगाडीचाही हात आहेच.

आता तुझं काम. तू पुण्यात आहेस, तर ‘केसरी’चे १८९१चे अंक कुठे वाचायला मिळतात का बघ. संमतिवयाचा कायदा त्याच वर्षी झाला, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा केलं, आणि टिळकांचा त्याला विरोध होता. सुधारकांचं म्हणणं मला भरपूर मिळालंय. विरोध करणारे नेमक्या कोणत्या शब्दांत बोलत होते ते हवंय, कारण यमूच्या घरातली मोठी माणसं तेच बोलत असणार. फोटो काढू देत नसतील तर हातानं उतरवून घे, अक्षर कसंही चालेल. गणपतीआधी पाठव, नंतर माझ्याकडून काही होणार नाही.

तुझी,
मुक्ता