काकी, कुळागर आणि गोठा शिकवलात त्याबद्दल

आदरणीय काकींस,
सादर नमस्कार.

चार घरं सोडून तुम्ही राहता, तेव्हा हे सगळं तुमच्या पडवीत बसूनही सांगता आलं असतं. तरी उघडपणे लिहितेय. लग्न होऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आलेल्या, सासरचं कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग अंगावर पडलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, आणि तुम्ही किती दिलंत ते त्यांनाही कळावं असं वाटतं.

मी म्हापशात वाढले. शेती शिकायची म्हणून आले, तेव्हा तुम्ही मला पोफळींत न नेता आधी शेणाच्या खड्ड्याकडे नेलंत. खत उलथून आतल्या जाड पांढऱ्या अळ्या दाखवल्यात. मग वर बोट करून माडाची पंख्यासारखी कातरलेली झावळी दाखवलीत. खड्ड्यातल्या अळीचा गेंडा भुंगा होतो, तो माडाचा कोंब पोखरतो, आणि कोंबातच कुरतडलेलं पान उमललं की असं कातरलेलं दिसतं. एवढं सांगून तुम्ही कोंबड्या सोडल्यात आणि त्यांनी अळ्या टिपून खाल्ल्या. माड वाचवायचा तर गोठ्यामागचा खड्डा हलता ठेवायला हवा, हे मला तिथेच उमगलं. शेत आणि गोठा हे एकच काम आहे, असं तेव्हापासून मी मानते.

भाताची सरद, म्हणजे पावसाळी पीक, कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर अळसांदे (चवळी) पेरायला लावलेत. महिन्याभराने एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडलीत. आत गुलाबी होती. गुलाबी म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र धरतायत, हिरवी-तपकिरी असेल तर त्यांचं काम थांबलंय. अळसांदे घरात आले, वेल गाईला गेला, मुळं मातीत राहिली. आमच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला याचा केवढा आधार! तरी आम्लता कमी करायला अंदाजावर चुना टाकू नको, आधी माती तपासून घे, म्हणून जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्राची वाटही तुम्हीच दाखवलीत.

आणि पोफळीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाचं औषध. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवायचं आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. मग घासलेल्या कोयतीचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी 40-45 दिवसांनी उघडीप बघून. फवारलेल्या पोफळींखालचं गवत मात्र गुरांना लगेच कापून घालायचं नाही, हे तुम्ही दर खेपेला बजावता, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पिकाचं औषध सांगताना गाईचं पोट आठवणारी माणसं थोडी असतात.

आमची श्वेत कपिला (गोव्याच्या देशी जातीची गाय) व्याली ती रात्र तर मी विसरणार नाही. आमच्या घरात वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही असं म्हणायचे. तुम्ही कंदील घेऊन आलात, वासराची नाळ आयोडीनमध्ये बुडवलीत आणि तासाच्या आत त्याला आचळाला लावलंत. रोगाशी लढायची ताकद वासराला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते आणि पहिल्या दिवसानंतर त्याच्या आतड्याला ती घेता येत नाही, हे तुम्ही माझ्या सासूबाईंना इतक्या मायेने समजावलंत की आता शेजारच्या गोठ्यात त्याच हे सांगतात.

काकी, तुम्ही कधी ‘असंच करतात’ म्हणून मला गप्प केलं नाहीत. प्रत्येक वेळी उलथून, फोडून, बुडवून दाखवलंत. तुमचे मनापासून आभार मानते.

गुरांना घटसर्पाची लस यंदा पावसाआधी टोचून घेतली आहे. मोरचूद आणि चुना आणून ठेवलाय. झाडावर चढणारा पाडेली फवारायला येईल त्या दिवशी मिश्रण मीच करणार आहे, पण पातं बुडवताना तुम्ही शेजारी असावं अशी इच्छा आहे.

तुमची,
शेजारची सून